नऊ चान्स

आमच्या पाचोडच्या शाळेत तास रिकामा गेला की वह्या उघडायच्या त्या मागून. शेवटच्या पानावर वरच्या बाजूला लिहायचं: बी, ओ, एल, एल, वाय, डब्ल्यू, ओ, ओ, डी. खाली पिक्चरच्या नावात जितकी अक्षरं, तितक्या रेघा. व्हॉवेल आधीच भरून द्यायचे, बाकीची अक्षरं समोरच्यानं ओळखायची. चुकलं की वरचं एक अक्षर काटायचं. पाच चुकली की उरतं नुसतं ‘वूड’. नऊ चुकली की खेळ खलास.

आमच्या पिढीची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. स्पेलिंगच्या पुस्तकापेक्षा कॅसेटच्या कव्हरवर आमचा भरवसा जास्त. ‘लगान’मध्ये गा-ला दोन ए आहेत हे तिथूनच कळलं. रेघ, ए, रेघ, ए, ए, रेघ, एवढं दिसलं की अर्धा वर्ग ओरडायचा. ‘शोले’ मात्र फसवायचा. त्याचं शेवटचं अक्षर वाय आणि वाय काही व्हॉवेलमध्ये धरत नाहीत. ‘कभी खुशी कभी गम’वरून तर भांडणं झाली, कारण पोस्टरवर पहिलं कभी पाच अक्षरांचं आणि दुसरं सहा, मागे एक ई चिकटवलेला. पुढे ‘क्रिश’ दोन आर घेऊन आला तोवर आम्ही शाळेतून सुटलो होतो. बरंच झालं.

हाच खेळ मराठी अक्षरांत खेळून पाहा, जमत नाही. देवनागरीत बॉलिवूड होतो चार अक्षरांचा, म्हणजे चान्स चारच. आणि स्वर आधी सांगायचे म्हणजे काना-मात्रा देऊन टाकायच्या. लगानच्या तीन रेघांपैकी मधल्या रेघेवर काना दिला की राहिलं काय? रोमन लिपीत ए, ई, आय, ओ, यू स्वतःची जागा अडवून बसतात, म्हणून त्यांना उघडं करून बाकीचं झाकता येतं. मराठी माध्यमाची पोरं इंग्रजी अक्षरांत हिंदी पिक्चर खेळत बसायची, त्याला हे कारण आहे.

अशा खेळाचा जुना माग इंग्लंडात लागतो. ॲलिस बर्था गॉम यांनी 1894 साली ब्रिटनमधल्या पारंपरिक खेळांचा कोश छापला, त्यात ‘पक्षी, पशू आणि मासे’ नावाचा खेळ आहे. प्राण्याच्या नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर द्यायचं, मधली दुसऱ्यानं ओळखायची. त्याच घराण्यातला हँगमॅन. दर चुकीला फाशीवरच्या माणसाचा एकेक अवयव काढत जायचा. पण त्यात चान्स किती हे काढणाऱ्याच्या मनावर: कुणी बोटंसुद्धा काढतो, कुणी दोन रेघांत माणूस लटकवतो. आपल्याकडे फाशी गेली आणि जागेवर शब्द आला. शब्दाची लांबी ठरलेली, त्यामुळे वाद मिटला. मला ही सुधारणाच वाटते.

आता हे नऊ आले कुठून? 1887 साली हार्वे विल्कॉक्स या गृहस्थानं लॉस एंजेलिसजवळच्या आपल्या जमिनीचे प्लॉट पाडले आणि नकाशा नोंदवताना नाव दिलं हॉलिवूड. सिनेमा तिथं नंतर आला. डोंगरावरची ती पांढरी अक्षरं 1923 साली उभी राहिली तीही प्लॉटच्याच जाहिरातीसाठी, आणि तेव्हा ती होती ‘हॉलिवूडलँड’. शेवटची चार अक्षरं 1949 मध्ये काढली. राहिली असती तर आम्हाला तेरा चान्स मिळाले असते.

तिकडे कलकत्त्यात स्टुडिओ होते टॉलीगंजला. हॉली आणि टॉली: पाच अक्षरं, त्यातली चार तीच. विल्फर्ड डेमिंग नावाच्या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञानं 1932 साली सिनेमाच्या एका मासिकात टॉलिवूड हा शब्द वापरला. बॉलिवूड त्याच्यानंतरचा. एच. आर. एफ. कीटिंग यांच्या मुंबईच्या इन्स्पेक्टर घोटेवरच्या 1976 सालच्या कादंबरीत तो छापलेला सापडतो. म्हणजे बी लावून खेळलेला आमचा खेळ फार जुना असायचं कारण नाही. एक अक्षर बदलून शब्दातून शब्द काढायचा हा छंद लुईस कॅरोलनं 1879 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’मधून कोडी म्हणून चालवला होता. सिनेमावाल्यांनी तोच केला: एचचा टी, टीचा बी, मग तमिळ सिनेमाच्या कोडंबक्कमचा के. के गेला चेन्नईला, कोल्हापूर बसलं बघत.

के-वरून आठवलं. स्क्रॅबलच्या शंभर ठोकळ्यांत के एकच आणि ई बारा, कारण आल्फ्रेड बट्स यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून तो हिशेब बसवला. आमचा पहिला अंदाज मात्र के किंवा एच. हिंदी नावांत का-की-के आणि है-हम आले की हीच दोन लागतात.

परवा मोसंबीच्या लिलावाला पाचोडला गेलो, पुतणी सोबत होती. ती फोनवर वर्डल खेळत होती. पाच अक्षरी शब्द, सहा चान्स. जॉश वॉर्डलनं तो बनवला तेव्हा इंग्रजीतले बारा हजारांच्या आसपास पाच अक्षरी शब्द जमले. त्यातून ओळखीचे अडीच हजार निवडले त्याची जोडीदार पलक शाह हिनं. फोनची बॅटरी उतरली. काका, पेन द्या, म्हणाली. आडत्यानं दिलेली पट्टी उलटी केली, वर नऊ अक्षरं लिहिली, खाली रेघ, ए, आय, रेघ, ए, रेघ.

मी एच म्हटलं. के म्हटलं. एन, एल, एम. वर वूड उरलं.

“काका, मराठी आहे,” ती म्हणाली.

मग आर सापडला.