लॉरेलच्या काठीवरचं मांस

सप्टेंबर 1920. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर, कामारा द लोबोस बंदराच्या वरच्या चढावर तुम्ही धापा टाकत उभे आहात. द्राक्षतोडणी आजच संपली. डोंगर कापून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे बांध पिढ्यान् पिढ्या हातांनी रचलेले. कडेनं लेवाडाचं, म्हणजे पाटाचं पाणी वाहतंय, लांबच्या डोंगरातून आणलेलं. ते पाळीनं मिळतं, आणि पाळीवरून होणारी भांडणं तुम्हाला नवी नाहीत.

जमीन मालकाची, बांध, घर आणि वेली कुळाच्या, पीक निम्मंनिम्मं. हा रिवाज मोडायला अजून 57 वर्षं आहेत. गाय अंधाऱ्या खोपटात बांधलेली. मोकळी सोडली तर कड्यावरून खाली जायची. अशा घरात गोमांस सणालाच, नाहीतर आजच्यासारख्या दिवशी.

यजमान लॉरेलची हिरवी काठी तासून तुमच्या हातात देतो. (आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं.) लिंबाएवढे तुकडे, जाडं मीठ, ठेचलेला लसूण, चुरडलेलं लॉरेलचं पान. बस. वाईन-व्हिनेगर आणि लसणात मुरवणं हे इथे नाताळच्या डुकराच्या मांसासाठी. तीच रीत पोर्तुगीजांनी गोव्यात नेली आणि तिचं विंदालू झालं.

तुम्ही काठी जाळावर धरायला जाता. म्हातारी हात धरून मागे ओढते. थांब. जाळ बसू दे, निखारे होऊ देत. मग चरबी ठिबकते, चर्र होतं, धूर थेट डोळ्यांत. हिरव्या काठीतला रस तापून मांसाला आतून वास लावतो. खरी करामत तीच. शेजारी बसाल्टच्या तापल्या दगडावर रताळं घातलेला जाड, गोल पाव भाजतोय. दगड तोच, सह्याद्रीतला काळा पाषाण. पावात तुकडा पकडायचा आणि काठीवरून ओढून घ्यायचा. बोटं भाजतात, भाजू देत.

पेल्यात घरची साधी वाईन. नाव झालेली वाईन विकायची असते. त्यात अमेरिकेत जानेवारीपासून दारूबंदी, म्हणजे एक मोठं गिऱ्हाईक गेलं. खालच्या वाटेनं माणसं बकऱ्याच्या कातड्याच्या पखालींतून द्राक्षांचा रस खांद्यावर वाहून नेतायत. त्यांना कुणी हाक मारून एकेक घास देतं.

आता परत या. आजच्या हॉटेलांत बहुधा लोखंडी सळई टेबलावर टांगून मिळते. दिसायला झोकदार, चवीला उणी. मदेरातल्या फुंशालला गेलात तर आधी लॉरेलच्या काठीची चौकशी करा. नसेल तर पुढचं हॉटेल गाठा. आणि घरी करून बघायचं असेल तर कण्हेरीची फांदी चुकूनही घेऊ नका. पानं थोडीफार तशीच दिसतात, पण कण्हेर विषारी आहे.