कोशाच्या जाकिटाचे कूळ

भंडारा जिल्ह्याच्या जंगलात ऐन आणि अर्जुन वाढतात, आणि त्यांच्या पाल्यावर कोशाची अळी पोसते. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे विणकर याच कोशाचे कापड विणतात. करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवती साडी विदर्भात सर्वांच्या ओळखीची. अलीकडे नोकरदार स्त्रिया कोशाचे जाकीटही शिवून घेतात. कापड इथले असले, तरी जाकिटाचे कूळ मात्र दूरचे आहे.

ते सुरू होते घोड्यावरून. १६६६ च्या जूनमध्ये लंडनच्या राजवाड्यात राणीच्या सख्या पुरुषी कोट घालून वावरताना पाहून सॅम्युएल पीप्सला ते रुचले नाही, आणि त्याने तसे रोजनिशीत लिहून ठेवले. तो घोडेस्वारीचा वेश होता आणि पुढेही तो पुरुषांचे शिंपीच शिवत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेडफर्न यांच्या दुकानाने याच शिलाईचा कोट-स्कर्ट रोजच्या वापरात आणला.

भारतात हे जाकीट कचेरीआधी कोर्टात मानाने शिरले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारा कायदा व्हायला १९२३ उजाडले. आज बार कौन्सिलच्या नियमांत महिला वकिलांसाठी लांब बाह्यांचे काळे जाकीट किंवा ब्लाउज सांगितले आहे. साडीवर जाकीट हा पोशाख त्यामुळे तालुक्याच्या कोर्टातही रुळला.

अंगाला शोभण्याचे गणित मात्र शिवणकामाच्या टेबलावर सुटले. १९५४ मध्ये पॅरिसला पुन्हा दुकान मांडणाऱ्या कोको शनेलने काखेचा घेर वर घेतला, म्हणजे हात उचलला तरी जाकीट जागचे हलत नाही. अस्तराच्या खालच्या कडेला तिने बारीक साखळी टाचली. साखळीच्या वजनाने कापड सरळ पडते. १९७० च्या दशकात जॉर्जिओ अरमानीने आतले कडक अस्तर आणि गाद्या काढल्या. ऐंशीच्या दशकात खांद्यांच्या गाद्या मोठ्या होऊन परतल्या, पुढे पुन्हा लहान झाल्या.

कोशाच्या कापडाला मुळातच थोडा ताठपणा असतो, त्यामुळे जाड कॅनव्हास न घालताही जाकिटाला आकार येतो. सूत कुठे जाड, कुठे बारीक, रंग मधासारखा. कापलेल्या कडा मात्र सुटतात, म्हणून अस्तर हवेच.

घेताना आधी खांदा पाहावा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते; खांदा उसवून पुन्हा बसवणे फार किचकट. एकच बटण असेल, तर ते कमरेच्या सर्वांत बारीक जागी यावे. आणि बटण लावून, दोन्ही हात पुढे करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.