विंचूदंश आणि अग्निपिंडाचे विकार

अग्निपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी असलेली मिश्र ग्रंथी होय. तिचा पाचक रस नलिकेवाटे ग्रहणीत (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात) येतो, तर इन्शुलिनासारखी हॉर्मोने सरळ रक्तात मिसळतात. ग्रंथी खोलवर असल्यामुळे तिचे विकार पोट चाचपून सहसा कळत नाहीत. त्यामुळे त्यांचे निदान फार उशिरा शक्य झाले. या इतिहासातील एक प्रकरण विंचवाच्या विषाशी निगडित असून त्याचा संबंध वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाशी व कोकणातील रायगड जिल्ह्याशी येतो.

योहान व्हिरझुंग यांनी १६४२ मध्ये पॅड्युआ येथे अग्निपिंडाची मुख्य नलिका दाखविली. पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये ग्रंथीतील कोशिकांची बेटे वर्णिली. १८८९ मध्ये ऑस्कर मिंकोव्हस्की व योसेफ फोन मेरिंग यांनी अग्निपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो असे सिद्ध केले. त्याच वर्षी बॉस्टन येथील रेजिनाल्ड फिट्झ यांनी तीव्र अग्निपिंडशोथाचे (दाहयुक्त सुजेचे) सुसंगत वर्णन केले. तोपर्यंत हा विकार बहुधा शवविच्छेदनातच उघड होई. १९२९ मध्ये रॉबर्ट एल्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील अमायलेज या एंझाइमाचे मापन निदानास उपयुक्त असल्याचे दाखविले आणि जिवंत रुग्णात विकार ओळखण्याचे साधन हाती आले.

या साधनामुळेच विंचूदंशाचा अग्निपिंडावरील परिणाम स्पष्ट झाला. त्रिनिदादमधील वैद्य कोर्टनी बार्थॉलोम्यू यांनी १९७० मध्ये टिटियस ट्रिनिटाटिस या जातीच्या विंचवाने दंश केलेल्या ३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २४ जणांना तीव्र अग्निपिंडशोथ झालेला आढळला. विषामुळे तंत्रिकांच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन बाहेर पडते व ग्रंथीचे स्रवण एकदम वाढते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. मद्यपान व पित्ताश्मरी या नेहमीच्या कारणांहून हे कारण सर्वस्वी वेगळे होते.

कोकणात मात्र चित्र निराळे आहे. येथील तांबड्या विंचवाच्या दंशात अग्निपिंडशोथ हे प्रमुख लक्षण नसते; जीविताला धोका हृदय व फुप्फुसे यांकडून असतो. रायगड (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्याच्या दक्षिण भागात सावित्री नदी महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. या खोऱ्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण फुप्फुसशोफाने (फुप्फुसांत द्रव साचल्याने) दगावतात, हे त्यांनी पाहिले. रुग्णाशेजारी बसून केलेल्या निरीक्षणांवरून ओकारी, भरपूर घाम, शिश्नाची दीर्घकाळ ताठरता व हातपाय गार पडणे ही पुढील संकटाची पूर्वचिन्हे आहेत, असे त्यांनी दाखविले. हे निष्कर्ष १९८२ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेथे प्रयोगशाळा नव्हती तेथे या चिन्हांनीच निदानाचे काम केले.

तांबड्या विंचवाच्या विषाचा अग्निपिंडाशीही संबंध आहे, परंतु तो ग्रंथीच्या दुसऱ्या कार्याशी आहे. विषामुळे तंत्रिका-कोशिकांतील सोडियमाचे मार्ग उघडे राहून ॲड्रेनॅलीन व तत्सम द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात येतात. ती रक्तवाहिन्या आकुंचित करतात, हृदयावर भार टाकतात आणि लांगरहान्स बेटांतील इन्शुलिनाचे स्रवण दडपतात. मुंबईचे के. राधाकृष्ण मूर्ती यांनी या बाजूवर भर देऊन इन्शुलिनाचा उपचार सुचविला. तथापि तो सर्वमान्य झाला नाही. प्राझोसीन हे औषध आल्फा-ग्राही रोधून रक्तवाहिन्यांचे आकुंचन दूर करते व इन्शुलिनावरील दडपणही कमी करते. तोंडाने घेता येणाऱ्या या स्वस्त गोळीच्या वापराविषयी बावस्करांचा लेख १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांत २५ ते ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर १ टक्क्याच्याही खाली आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाड येथील चाचणीत प्राझोसिनासोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण १० तासांत बरे झाले. केवळ प्राझोसीन दिलेल्या ३५ पैकी ८ जणच त्या अवधीत बरे झाले.

आज तीव्र अग्निपिंडशोथाचे निदान करताना तीन गोष्टी पाहतात : पोटातील विशिष्ट वेदना, रक्तातील लायपेज वा अमायलेज सामान्य कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट असणे आणि प्रतिमाचित्रणातील खुणा. यांपैकी दोन आढळल्यास निदान निश्चित मानतात. विंचूदंशानंतरच्या ओकारीचा अर्थ मात्र या कसोट्यांइतकाच विंचवाच्या जातीवरही अवलंबून असतो. त्रिनिदादमध्ये ती अग्निपिंडशोथाचे लक्षण असू शकते. कोकणात ती प्रथम हृदयावरील संकटाची सूचना समजावी लागते आणि अमायलेजच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात.