लैंगिक आरोग्यशिक्षण आणि उपस्थितीचा प्रश्न

पेण-रोह्यासारख्या तालुक्यांत लैंगिक आरोग्याच्या वर्गास लोक येत नाहीत, तेव्हा त्याचे कारण लज्जा व अज्ञान हेच होय, असे सामान्यतः मानले जाते. महाराष्ट्रातील या चळवळीचा इतिहास पाहता हे अनुमान अपुरे ठरते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली जात. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. यावरून जिज्ञासेचा अभाव नव्हता, हे उघड आहे. पत्राने विचारणाऱ्यास चारचौघांत यावे लागत नसे. मात्र ही वाट साक्षरांपुरतीच खुली होती.

इतरांची स्थिती गडचिरोलीत दिसून आली. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. गरज आणि उपस्थिती यांतील हे अंतर लक्षणीय आहे.

या अंतरात शब्दांचाही वाटा आहे. ‘गुप्तरोग’ ही संज्ञाच लपविण्यास सांगते. त्या नावाच्या पाटीखालून आत जाणाऱ्याचे गुपित तेथेच फुटते. किशोरवयीनांच्या शासकीय सल्लाकेंद्रांना महाराष्ट्रात ‘मैत्री’ हे नाव दिले गेले, ते या दृष्टीने उचित होय.

पेण आणि रोहे येथे याला आणखी दोन कारणांची जोड मिळते. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी वाडीवर परततात. मधल्या काळात वाडीवर भरविलेला वर्ग बंद दारांपुढेच भरतो. दुसरे कारण भाषेचे. घरात कातकरी वा आगरी बोलणाऱ्या स्त्रीस ‘जननमार्गाचा संसर्ग’ हा शब्दप्रयोग आपल्याच दुखण्याविषयी आहे, हे सहज उमगत नाही.

म्हणून हजेरीपटावर केवळ संख्या न मांडता वर्गाचा महिना, स्थळ व भाषा यांचीही नोंद व्हावी. तसे न झाल्यास ज्यांना या ज्ञानाची सर्वाधिक गरज आहे, त्यांची अनुपस्थिती अनास्था म्हणूनच नोंदली जाईल.