हूकची स्प्रिंग आणि जंतूंची भिंत



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच डोळ्यांसमोर येते. मी इतिहासच शिकवतो, तेव्हा या दोषात माझाही वाटा आहे. आज मात्र एका सुईचा इतिहास सांगणार आहे.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्यातील जंतू पाहिले व १६७६ साली तसे लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. विद्वानांचा विश्वास बसेना. खातरजमा करण्याचे काम रॉबर्ट हूककडे आले आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये त्याने ते जीव सभासदांना दाखविले. पुढच्याच वर्षी याच हूकने स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला : जेवढा जोर, तेवढा ताण. जंतू आणि स्प्रिंग, दोन्ही एकाच माणसाच्या हातून गेले. पण एकत्र यायला त्यांना तीनशेहून अधिक वर्षे लागली.

मध्यंतरी, १८८४ साली, बर्लिनमध्ये काम करणाऱ्या ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने जंतूंना रंग देण्याची रीत काढली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात. आपली पद्धत सदोष आहे असे त्याने प्रांजळपणे लिहिले होते. दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत ती आजही चालते! हा फरक मुख्यतः जंतूच्या भिंतीमुळे पडतो. रंग धरणाऱ्यांची भिंत जाड, सोडणाऱ्यांची पातळ. जंतूच्या आतला दाब मोठा असतो; भिंत कच्ची राहिली की तो फुटतो. पेनिसिलिन नेमके हेच करते. तापाने फणफणलेल्या मुलाला डॉक्टर जी औषधे देतात, त्यांतील कित्येकांचा मारा या भिंतीवरच असतो.

मग ही भिंत किती ताठ, हे मोजायचे कसे? साध्या सूक्ष्मदर्शकाला मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून लहान वस्तू स्पष्ट दिसत नाही, आणि भिंत त्याहून कितीतरी पातळ. शिवाय नुसते पाहून ताठपणा कळत नाही. आंबा पिकला की नाही हे आपण दाबूनच पाहतो ना?

१९८६ साली बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी दाबून पाहणारे यंत्र तयार केले : अणुबल सूक्ष्मदर्शक. यात भिंगाने पाहणे नाही. एक अतिशय लवचिक पट्टी आणि तिच्या टोकाशी सुई. सुई जंतूवर टेकवली की पट्टी वाकते. पाठीवर सोडलेला लेसरचा किरण किती सरकला त्यावरून ते वाकणे कळते. मग हूकचा नियम लावला की जोर निघतो. सुई आत रुतली तर पृष्ठभाग मऊ, पट्टीच वाकली तर ताठ. आणि हे सारे पाण्यात, जंतू जिवंत असताना करता येते. फार खोल दाबून मात्र चालत नाही. मग भिंतीऐवजी आतला दाबच मोजला जातो.

१९९९ साली कॅनडातील संशोधकांनी ई. कोलाय जंतूची भिंत सुटी काढून या सुईने तपासली. ओली असताना तिची जाडी सुमारे ६ नॅनोमीटर भरली, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी ६, वाळल्यावर निम्मी.

पुढे २००८ साली बेल्जियममध्ये गळवे आणणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूवर भिंत खाणारे लायसोस्टॅफिन सोडून पाहिले गेले. सुईखालीच जंतू फुगला, भिंतीला बारीक छिद्रे पडली आणि तिचा ताठपणा उतरला.