शिरस्त्राणाची सक्ती

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात ब्रिटिश लेखक आणि माजी लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपिरियर मोटारसायकलवरून घरी परतत होते. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते फेकले गेले. डोक्याला जबर मार लागला, शुद्ध परतलीच नाही आणि सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. उपचार करणाऱ्यांमध्ये मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. अशा मृत्यूंचा छडा त्यांनी पुढे चिकाटीने लावला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रात्री दिवे बंद असत, निरोप पोहोचवणारे लष्करी स्वार अंधारातच गाड्या पिटाळत आणि अपघातांत हकनाक मरत. हेल्मेट घातलेल्यांच्या इजा मात्र सौम्य असतात, हे केर्न्स यांनी १९४१ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्याच वर्षी लष्कराने या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. लष्करात हुकूम सुटला की काम भागते. नागरिकांचे तसे नसते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्येच कायदा केला, ब्रिटनमध्ये मात्र १९७३ उजाडले. तोवर केर्न्स यांना जाऊन दोन दशके उलटली होती. पगडी बांधणाऱ्या शिखांना तेथे १९७६ मध्ये सूट मिळाली. ती आजही लागू आहे.