‘घाशीराम कोतवाल’ आणि परक्याचा प्रश्न

भिसेगावाजवळील कर्जत स्थानकातून निघणारा फाटा खोपोलीस संपतो. तेथील तलाव व महादेवाचे मंदिर नाना फडणिसांनी बांधविले. या लोकोपयोगी नानांहून अगदी निराळे, विलासी व कावेबाज नाना १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या रंगभूमीवर अवतरले. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावर वादळ उठले. १९ प्रयोगांनंतर ते थांबले व १९७३ मध्ये स्थापन झालेल्या थिएटर अॅकॅडमीने पुन्हा उभे केले. १९८० च्या युरोप दौऱ्यासही विरोध झालाच.

नानांचे हे चित्र इतिहास नव्हे, हे स्वतः लेखकासही मान्य होते. आक्षेपकांची दृष्टी मात्र तेथेच खिळली, आणि नाटकातील परक्याचा प्रश्न बाजूस राहिला. कनोजहून आलेल्या घाशीरामाला पुणे चोर ठरवून हाकलते. तोच कोतवाल होऊन पुण्याचा सूड घेतो. १७९१ मध्ये प्रत्यक्षात ज्यांच्या कोठडीतील मृत्यूमुळे घाशीरामास जमावाने ठार केले, ते तेलंगी ब्राह्मणही परप्रांतीयच होते. जब्बार पटेलांच्या प्रयोगात ब्राह्मणांची एक रांग भिंतीसारखी उभी असते. ती कीर्तनात डोलते, नानांचे शृंगार पाठीआड झाकते आणि अखेरीस तीच जमाव बनते. आपला कोण, परका कोण, याचा निवाडाही तीच करते.